बाई म्हन्ते

पांढरकवड्याला बदलून येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता, तोच माझा नवरा एका बैलजोडीचा मालक होता होता वाचला.

हे विजेच्या ऑफिसात. आम्हाला शेत नाही, गोठा नाही. कुंडीतलं रोपसुद्धा माझ्या हाती महिनाभर टिकत नाही. त्या संध्याकाळी हे फाटकाशी उभे होते. शेजारचे गृहस्थ आले, हसले, यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून वर टाकला. बोलणं चाललं होतं नळाचं, पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं याचं. दुपट्ट्याखाली मात्र त्यांची बोटं यांच्या बोटांशी काहीतरी चाळा करत होती. यांना वाटलं, इकडची रीत असेल. हे आधीच भिडस्त. समोरच्याने बोट दाबलं की आपणही दाबावं, नाहीतर तो वाईट वाटून घेईल, एवढाच हिशोब. थोड्या वेळाने गृहस्थांनी दुपट्टा उचलला, "झालं साहेब, पक्कं," म्हणाले आणि मागे वळून हाक मारली. कोपऱ्यावरून एक शेतकरी दोन पांढरे बैल घेऊन आला आणि आमच्या फाटकाला कासरा बांधू लागला.

मी कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आले. "बैल ठेवायचे कुठे? दिवाणावर?" असं मी यांना विचारलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

गृहस्थ ओशाळले. "मले वाटलं साहेबानं शेती घेतली असन. बाजारात गिऱ्हाईक नाई भेटलं, मंग रस्त्यानं इचारत चाल्लो." मग यांचा हात पुन्हा उलटापालटा करून पाहिला आणि खऱ्या काळजीने सांगितलं, "साहेब, हा हात बाजारात नेऊ नका. लई नरम हाये."

हे उत्तमराव गणवीर. बैलबाजारातले दलाल. गावात गणवीर हे आडनाव फक्त त्यांच्या रेशनकार्डावर होतं. बाकी सगळे त्यांना हातधरे म्हणत. पोस्टमनसुद्धा "हातधरे कुठं गेले?" असंच आम्हाला विचारायचा.

बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, मध्ये दलाल. दलाल दुपट्ट्याखाली एकाचा हात धरतो. एक बोट दाबलं तर एक हजार, दोन दाबली तर दोन, सगळा पंजा धरला तर पाच. मग दुसऱ्याकडे वळून त्याचा हात धरायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. वर तोंडाने मात्र दोघांचा तमाशा चाललेला असतो. "माहे बैल मी फुकट देईन, पन तुले नाई देनार," इथपर्यंत मजल जाते.

"तोंडाकडे पाह्यचंच नाई," उत्तमराव सांगत. "मानूस तोंडानं काहीबी बोलते. मी चाल्लो म्हन्ते, बैल घेऊन निंघते बी. आपन फक्त हात पाह्यचा. हात सोडला नाई ना, तोवर सौदा जित्ता हाये."

वीस-बावीस वर्षं हे केल्यावर माणसाचे हात स्वस्थ राहत नाहीत. उत्तमराव न्हाव्याशी, दूधवाल्याशी, दवाखान्यात डॉक्टरशी, कुणाशीही बोलताना आधी हात धरायचे आणि दुपट्टा टाकायचे. डॉक्टर नाडी बघायला हात पुढे करायचे आणि उत्तमराव त्यांचीच बोटं धरून बसायचे. यांना तर रोज संध्याकाळी फाटकाशी धरून ठेवत. हे अर्ध्या तासाने घरात येत ते हाताला तंबाखूचा वास घेऊन.

बायकांचा हात मात्र त्यांनी कधी धरला नाही. "बायांचा सौदा तोंडी," असं म्हणून ते माझ्याशी बोलताना चार हात लांब उभे राहत, नजर जमिनीकडे, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. हात सुटू नयेत म्हणून एकाने दुसऱ्याला धरून ठेवल्यासारखे.

आता त्यांची दुसरी सवय. कुठलीही गोष्ट सांगताना ते सुरुवात करत, "बाई म्हन्ते." बाई म्हणजे त्यांची बायको, सुमनबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, म्हणून सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, आणि नवराही तेच म्हणायचा. बाई म्हन्ते, यंदा तूर पेरा. बाई म्हन्ते, शेजारच्या मॅडमच्या पोळ्या जाड असतात. बाई म्हन्ते, साहेबाले स्वेटर घ्या, थंडी हाये.

यात वावगं काही नव्हतं, फक्त एक अडचण होती. बाई तीन वर्षांपासून एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

शाळेत प्रार्थना चालू असताना त्या उभ्या उभ्या खाली कोसळल्या होत्या. लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली, मान हलवणंही गेलं. आम्ही आलो तेव्हा त्या पुढच्या खोलीत खिडकीजवळ पलंगावर पडलेल्या असायच्या. अंगावर गोधडी, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि डोळे उघडे. मी जाऊन बसायचे. काही सांगायचे, तर त्या बघायच्या, किंवा माझ्या दिशेने पाहत असायच्या. दोन्हींत फरक असतो आणि मला तो ओळखता येत नसे. त्यांना किती समजतं हे आम्हालाच सांगता येत नाही, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी म्हटलं होतं.

म्हणून उत्तमराव "बाई म्हन्ते" म्हणाले की गल्लीतली माणसं खाली बघायची. माणूस एकटा पडला की स्वतःशीच बोलतो, तसे ते बायकोच्या नावाने बोलतात, असं आम्ही धरून चाललो होतो. जाड पोळ्यांबद्दलचं मत त्यांचं स्वतःचंच असणार, यावर तर माझा ठाम विश्वास होता. ते मी मनात ठेवलं होतं.

ती वर्षं आमच्या जिल्ह्याची वाईट होती. कापसाला भाव नव्हता, बियाणं महाग, पाऊस आपल्या मर्जीचा. शहरांतून कॅमेरे घेऊन माणसं यायची, कुणाच्याही दारात उभं राहून प्रश्न विचारायची. बैलबाजारात विकणारे सकाळपासून उभे आणि घेणारा दिसत नाही, अशी गत. वणीकडचे काही जण बैल विकून कोळशाच्या ट्रकवर लागले होते. उत्तमराव बाजारातून लवकर परत यायचे. "बाजारात हातच हात हाये मॅडम," ते म्हणाले, "पन दाबून कोनी नाई राह्यलं."

आणि अशात एका सकाळी ते आमच्या दाराशी येऊन उभे राहिले, हात पाठीमागे.

"बाई म्हन्ते, एम.बी.ए. करा."

माझ्या हातून चहाचं गाळणं पडलं. मी ज्युनियर कॉलेजात कॉमर्स शिकवते, त्यामुळे एम.बी.ए. ही माझ्याच गल्लीतली भानगड आहे असं त्यांनी ठरवलं होतं. नागपूरच्या एका मॅनेजमेंट कॉलेजची जाहिरात पेपरात आली होती. दोन वर्षांचा कोर्स, पूर्णवेळ, कामाचा अनुभव असणाऱ्यांना प्राधान्य.

"अनुभव तर हाये आपल्यापाशी," उत्तमराव म्हणाले. "बाई म्हन्ते, जल्मभर धंदा केला, आता शिका तरी कसा करतात थो."

तुम्ही हसाल, पण या माणसाने परीक्षा देणं नवीन नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा उत्तमराव दहावी नापास होते आणि सुमनबाई मास्तरीण होण्याच्या शिक्षणात. बघायला आलेल्या मुलाला त्यांनी एकच गोष्ट विचारली होती, पुढे शिकणार का. "मी हो म्हनलं. मले वाटलं लग्नात असं इचारतातच, नंतर कोन पाह्यते. पन थे मास्तरीन. तिनं हात नाई सोडला." दहावी झाली, बारावी झाली, बाहेरून बी.ए. चालू झालं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला बाई आजारी पडल्या. उत्तमरावांनी पलंगाशेजारी बसून मोठ्याने वाचत अभ्यास केला आणि पास झाले. आता पुढे काय, हा प्रश्न घरात उरलाच होता म्हणा. बाईंनी तो विचारला की उत्तमरावांनी स्वतःच स्वतःला, एवढंच मला ठाऊक नव्हतं.

मी अर्ज भरायला बसले. पदनाम या रकान्याशी गाडी अडली. पुष्कळ विचार करून मी 'लाइव्हस्टॉक ट्रेड फॅसिलिटेटर' असं झोकात लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"म्हंजे काय जी?"

"दलाल."

"मंग दलालच लिहा ना." ते घरी गेले, पाच मिनिटांनी परत आले. "बाई म्हन्ते दलालच लिहा. लपवाचं काय त्याच्यात."

मी खोडून दलाल लिहिलं. मालकाचं नाव या रकान्यात ते म्हणाले, "दोघं असतात, एक इकून एक तिकून." हाताखाली किती माणसं, यावर त्यांनी बराच विचार केला आणि विचारलं, "बैल धराचे का?"

लेखी परीक्षा त्यांनी कशीबशी पार केली. मग मुलाखतीचं बोलावणं आलं. सोबतीला हे गेले, कारण उत्तमरावांना नागपूरच्या सिग्नलांची भीती वाटायची. स्वच्छ धोतर, कोट, आणि खांद्यावर दुपट्टा. दुपट्टा घरी ठेवा, असं मी सुचवून पाहिलं. उत्तमराव माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना अनवाणी जा म्हटलं होतं.

परत आल्यावर ओट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं, आणि जिथे ते अडखळले तिथे यांनी सांगितलं.

आधी चर्चा होती. आठ उमेदवार गोल बसवले आणि विषय दिला, शेतकऱ्यांनी कापूस सोडावा का. टाय लावलेली मुलं तुटून पडली. एक म्हणायचा सोडावा, दुसरा म्हणायचा सोडूच नये, आवाज चढत गेले. उत्तमराव गप्प. त्यांच्या धंद्यात दोन पार्ट्या ओरडत असताना दलालाने तोंड उघडायचं नसतं. मग आवाज पुरेसे चढले असं वाटल्यावर ते उठले, दोन्ही मुलांच्या मध्ये जाऊन उभे राहिले, दोघांचे हात धरले आणि वर दुपट्टा टाकला. "बोला, किती एकरावर सौदा जमते?" असं हळूच विचारलं. एकाला गुदगुल्या होऊन तो हसत सुटला. दुसरा घाबरून हात ओढू लागला. परीक्षक जागेवरून उठले. चर्चा तिथेच संपली.

"मंग मुलाखत," उत्तमराव म्हणाले. "तिघं होते. मोठ्या साहेबानं इचारलं, तुमचे गुन सांगा अन् दोष सांगा."

"मग?"

"मी म्हनलं, खोड आधी सांगतो. आपल्यात रीत हाये, बैल दाखवताना खोड आधी सांगाची, मागून भांडन नको. म्हनलं, वय चव्वेचाळीस. इंग्रजी वाचतो, बोलताना बसतो. डावा गुडघा पावसाळ्यात धरते. तंबाखू हाये. दात सारे हाये."

"आणि गुण?"

"थे इचारलंच नाई त्यायनं. हासूनच राह्यले होते."

पण त्यांचं मन निराळ्याच गोष्टीत गुंतलं होतं. निघताना मोठ्या साहेबांनी हात पुढे केला होता. उत्तमरावांनी तो आठवून आठवून आपल्याच हातावर करून दाखवला. अंगठा बाहेर, चार बोटं धरली, दाबली आणि सोडली.

"चार म्हनलं साहेबानं."

"अहो, तो शेकहँड होता," मी म्हटलं.

"मॅडम, बिनकामाचं कोनी कोनाचा हात दाबते का?"

चार म्हणजे काय, यावर आमच्या ओट्यावर कितीतरी संध्याकाळी गेल्या. यांचं मत, यादीत चौथा नंबर. गल्लीतल्या एकाचं मत, चार वर्षांनी या. उत्तमराव बाईंनाही विचारून आले. "बाई म्हन्ते, शेकहँड होता," असं त्यांनी पडेल आवाजात कबूल केलं, आणि मला बरं वाटलं. मग वाटलं, हे तर माझंच वाक्य त्यांनी घरी नेऊन परत आणलं असणार.

यादी लागली. उत्तमराव प्रतीक्षायादीत अकरावे. "चार देऊन अकरावर ठेवलं," ते म्हणाले. "असा मानूस बाजारात टिकत नाई." विषय संपला असं आम्ही धरलं.

आणि मग कॉलेजचा फोन आला, आमच्याच नंबरवर, कारण अर्जात तोच दिला होता. वरची मुलं दुसरीकडे गेली, एक जागा रिकामी आहे, येत्या सोमवारपर्यंत येऊन प्रवेश घ्या. मी धावत जाऊन सांगितलं. उत्तमराव बाईंच्या पलंगाशी बसले होते. त्यांनी ऐकलं आणि फक्त मान हलवली.

त्या दिवसापासून त्यांचं "बाई म्हन्ते" बंद झालं.

ते बंद झाल्यावर गल्ली सुनी वाटायला लागली. फाटकाशी यांचा हात धरत, पण बोटं हलत नसत. "जाणार ना?" असं यांनी विचारलं की "पाहू" म्हणत. बाईंची धाकटी बहीण विमल तिच्या गावाहून, बोरी अरबहून आली होती. मी राहीन इथं, तुम्ही जा भाऊजी, असं तिने स्वतःहून सांगितलं होतं. तेव्हा अडचण तीही नव्हती. शेवटी मीच विचारलं, "बाई काय म्हणतात?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं जमिनीकडे नाही, आणि आत गेले.

शनिवारी दुपारी ते आमच्या दाराशी आले. "मॅडम, एक काम होतं. घरी या जराशा."

मी गेले. विमल न्हाणीघरात कपडे धूत होती. बाई पडल्या होत्या तशाच, खिडकीकडे तोंड. उत्तमरावांनी मला पलंगाशेजारच्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः लांब भिंतीशी उभे राहिले.

"तुमाले वाटत असन, हा मानूस येडा झाला," ते म्हणाले. "साऱ्याईलेच वाटते. पन बाई बोलते. डाव्या हाताची बोटं हालतात तिची, उलीशीच. गोधडीखाली हात धरतो मी अन् इचारतो. एक दाबलं तर हो, दोन दाबली तर नाई. माहं पाहून पाहून तिलेबी आलं थे. तीन वर्सं आमचं असंच चालू हाये."

मी गोधडीकडे बघत राहिले. आल्यापासून कितीदा मी तिथे बसून गेले होते, आणि त्या गोधडीखाली हात घालून बघावं असं माझ्या मनात आलं नव्हतं.

"मंग अडलं कुठे?" मी विचारलं. मीही 'मंग' म्हणाले, हे नंतर लक्षात आलं.

"मी इचारलं, जाऊ का. एक म्हन्ते." ते स्वतःच्या बोटांकडे बघायला लागले. "पन मॅडम, मले जाव वाटते. लई जाव वाटते. अन् माहंच मन असं असल्यावर थे एक दाबते, का माह्या बोटाले एक वाटते, समजून नाई राह्यलं. डॉक्टर म्हन्ले होते, तिले समजत नसन. तीन वर्सं मीच बोलून राह्यलो असन तर? आपल्या सौद्यात आपन दलाल होत नाई, मॅडम. बोटं खोटं बोलतात. तुम्ही व्हा दलाल."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या हाती दिला. मी म्हटलं, मला यातलं काय कळतं. ते म्हणाले, "म्हनूनच."

मी दुपट्टा गोधडीवर टाकला आणि खाली हात घातला. बाईंचा हात सापडला. कोरडा, हलका, आणि मला वाटला त्यापेक्षा गरम. मी त्यांची बोटं माझ्या बोटांत घेतली आणि विचारलं, "बाई, उत्तमरावांनी नागपूरला जायचं का?"

काही झालं नाही. बाहेर विमल कपडे आपटत होती. बाई माझ्याकडे बघत होत्या, किंवा माझ्या दिशेने. मी उत्तमरावांकडे पाहायचं टाळलं. खरं सांगते, त्या वेळी मी मनात खोटं तयार करून ठेवलं. काहीच हललं नाही तरी एक म्हणून सांगायचं, असं मी ठरवलंही.

तेवढ्यात माझं पहिलं बोट दाबलं गेलं. अगदी हलकं, पण एकच, आणि नेमकं.

"एक," मी म्हटलं.

उत्तमराव भिंतीपासून पुढे आले. "पक्कं?"

"पक्कं."

"अजून एकडाव इचारा. म्हना, तुले सोडून जाऊ का."

मी विचारलं. पुन्हा एक.

"अजून इचारा. म्हना, दोन वर्सं..."

त्यांचं वाक्य पुरं होण्याआधीच बाईंनी माझा अख्खा पंजा धरला. त्यांच्यात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. मी गोंधळले. एक आणि दोन मला सांगितलं होतं, याचं काही सांगितलं नव्हतं.

"उत्तमराव, पाच म्हणतात. सगळा हात धरलाय."

उत्तमराव आधी माझ्याकडे बघत राहिले. मग खाली बसले, पलंगाच्या पायाशी, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं रडताहेत. रडतच होते, पण हसतही होते.

"पाच म्हंजे गप बसा," ते म्हणाले. "शाळेतलं हाये थे तिचं. पोरं लई बोलले का पंजा दाखवे. थे तुमाले मी सांगतलंच नव्हतं."

नव्हतंच सांगितलं. मी बाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, आता मला त्यात शंका उरली नाही. मला माझ्या जाड पोळ्या आठवल्या. तीन वर्षं या बाई सगळं ऐकत होत्या, सगळ्यावर मत देत होत्या, आणि त्यांचा शब्द घेऊन गावात फिरणाऱ्या माणसाला आम्ही खुळा समजत होतो.

उठताना उत्तमरावांनी दुपट्टा उचलला, माझ्यापुढे हात केला आणि क्षणभर थांबले. मग हात धरला आणि वर दुपट्टा टाकला. "दलाल म्हंजे दलाल," ते म्हणाले. "त्याच्यात बाई-मानूस नसते." आणि एक बोट दाबलं.

सोमवारी ते नागपूरला गेले. सोमवार ते शुक्रवार तिकडे, शनिवारच्या बसने घरी. विमलला त्या बोटांच्या बोलीचं वावडं होतं. माणसानं माणसाशी बैलासारखं काय बोलायचं, असं तिचं म्हणणं. म्हणून रोज संध्याकाळी मी जाऊन बसायचे. पलंगाच्या उशाशी यांचा मोबाइल ठेवायचा, गोधडीत हात घालायचा आणि फोनची वाट बघायची. एव्हाना मला बरंच येऊ लागलं होतं. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे कूस बदला, पाच तर तुम्हाला ठाऊकच आहे. चार त्यांनी रिकामाच ठेवला होता. नागपूरच्या साहेबांमुळे उत्तमरावांचा त्या आकड्यावरचा विश्वास उडाला होता.

पहिले काही दिवस ते उत्साहात असायचे. वर्गातली मुलं अंकल म्हणतात, एका मॅडमने बाजारावर बोलायला लावलं, मेसच्या भाजीत तिखटच नाही. मी विचारायचे, बाई दाबायच्या, मी सांगायचे. माझ्या स्वयंपाकाची वेळ टळायची आणि हे दारात उभे राहून वाट बघायचे.

एकदा मात्र फोनवर त्यांचा आवाज वेगळा आला. मेसबद्दल नाही, मुलांबद्दल नाही.

"मॅडम, हात आत हाये का?"

"आहे."

"इचारा, जेवली का."

"एक."

"इचारा..." ते थांबले. पाठीमागे कुठेतरी मुलं मोठमोठ्याने हसत होती. "इचारा, वापस येऊ का. नाई लागून राह्यलं मन. येऊ का म्हना."

मी बाईंकडे वळून विचारलं. त्यांनी डोळे मिटले. मग माझी दोन बोटं दाबली, एकानंतर एक, स्पष्ट. मी फोन जवळ घेतला, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "बाई म्हन्ते, दोन."

"बरं," उत्तमराव म्हणाले. "बरं. मंग ठेवतो."

मी हात काढून घ्यायला गेले आणि तो निघेना. बाईंनी डोळे उघडले नव्हते. दोन्ही बोटं तशीच धरून ठेवली होती, सैल नाही आणि घट्टही नाही.

"उत्तमराव, थांबा," मी म्हटलं. "दोनच म्हणाल्या. पण हात सोडत नाहीत."

तिकडे मुलांचं हसणं लांब गेलं, बहुतेक ते फोन घेऊन बाहेर आले असावेत.

"असू द्या," ते म्हणाले. "वढू नका मॅडम. सौदा चालू हाये."

मी बरं म्हटलं. फोन बंद झाला. हे दारात येऊन उभे राहिले, त्यांनी पाहिलं आणि परत घरी गेले. मी हात तसाच ठेवून बसून राहिले.